उडवले, ठोकरले की चिरडले?

स्वाती: ‘भरधाव कारने पादचाऱ्याला उडवले’, ‘ठोकरले’, ‘चिरडले’ ही क्रियापदे बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. वाहनसुरक्षेच्या नियमांवरचा मजकूर मराठीत करते आहे. तिथे नेमके काय लिहावे? ‘टक्कर’ चालेल का?

मिलिंद: टक्कर नको. टक्कर दोघांची होते, दोन एसट्यांची किंवा दोन बैलांची. चालत्या माणसावर गाडी येऊन आदळते, तिथे ‘धडक’च हवी. ‘ठोकरले’ही त्याच अर्थाचे, पण बातमीतच शोभते.

‘उडवले’ आणि ‘चिरडले’ यांची अदलाबदल मात्र मला खटकते, कारण ते दोन वेगळे अपघात आहेत. कमी उंचीच्या कारचा बंपर आधी पायाला लागतो. पाय पुढे ढकलले जातात, धड बॉनेटवर पडते आणि डोके बॉनेटवर किंवा समोरच्या काचेवर आपटते. गाडी थांबू लागली की माणूस पुढे रस्त्यावर फेकला जातो. हे ‘उडवले’. चाक अंगावरून गेले तर ‘चिरडले’.

पादचाऱ्यांसाठीचे गाडीच्या रचनेचे नियम मुख्यतः पहिल्या प्रकारासाठी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या नियम १२७ नुसार डोक्याच्या जागी गोळा घेऊन तो ताशी ३५ किमी वेगाने बॉनेटवर सोडतात. मुलाच्या डोक्यासाठी साडेतीन किलोचा, मोठ्यांसाठी साडेचार किलोचा. पत्रा दबला पाहिजे आणि दबताना खालच्या इंजिनाला टेकता कामा नये. म्हणून दोन्हींमध्ये मोकळी जागा ठेवावी लागते आणि त्यापायी बॉनेट उंच होत गेले. जिथे जागाच नाही तिथे धडक बसताच बॉनेटची मागची बाजू उचलणारी यंत्रणा आली. २००५ च्या सिट्रोएन सी६ मध्ये ती होती. व्होल्वोने २०१२ मध्ये व्ही४० ला काचेच्या बुडाशी बाहेरून फुगणारी एअरबॅगच दिली.

विनय: आपल्याकडे याच विषयावरचे एआयएस-१०० हे वाहन उद्योगाचे मानक नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाले. त्याचे नाव मराठीत ‘पादचारी संरक्षण’ असेच करा, ‘पादचारी सुरक्षा’ नको. सुरक्षेत फुटपाथ, सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग सगळे येते. हे मानक फक्त गाडीच्या पुढच्या भागाबद्दल आहे.

आणि ‘गार्ड’ या शब्दावर कृपया एक टीप द्या. पुढे बसवलेल्या लोखंडी बंपर गार्डमुळे संरक्षण होते ते पत्र्याचे. दबण्यासाठी केलेल्या बंपरपुढे न दबणारा पाइप येतो आणि चालणाऱ्याचे हाड त्यावर आपटते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना असे गार्ड अनधिकृत असल्याचे कळवले होते, तरी ते आजही दिसतात. याचा मला मनापासून राग येतो.

स्वाती: उंच, उभ्या नाकाच्या एसयूव्हीबद्दलही ‘उडवले’च लिहू?

मिलिंद: सरसकट नको. तिथे पहिला मार मोठ्या माणसाच्या कमरेला किंवा पोटाला बसतो, लहान मुलाच्या छातीला नाहीतर डोक्याला. माणूस बॉनेटवर न चढता पुढे आडवा पडू शकतो, म्हणजे चाकाखाली जाण्याची भीती जास्त. ‘धडकेने खाली पाडले’ लिहा.

स्वाती: मग कारसाठी ‘धडक बसून पादचाऱ्याचे डोके बॉनेटवर आपटले’ असे करते.

मिलिंद: उत्तम. चाचणीच्या वर्णनात मात्र ‘गोळा आदळवतात’ म्हणा. तिथे तो मुद्दाम, ठरलेल्या वेगाने आणि आधी खूण केलेल्या जागीच सोडलेला असतो.