टेपवर २०० सेमी, सेन्सरवर १९३. अल्ट्रासॉनिक सेन्सर उन्हाळ्यात चुकतो का?

प्रश्न – नववीची_विज्ञानबाई

नमस्कार, आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, तिथला एचसी-एसआर०४ सेन्सर (न ऐकू येणारा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर दाखवणारा) आर्डुइनोला, म्हणजे कोड घालता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडून मी नववीच्या मुलांकडून अंतर-काळ आलेख काढून घेते, म्हणजे एक जण सेन्सरसमोरून मागे मागे चालत जातो, थांबतो, परत येतो आणि स्क्रीनवर त्याच्या चालण्याची रेघ उमटते, मुलांना हे फार आवडतं. डिसेंबरात सकाळच्या शाळेत टेप लावून तपासलं होतं तेव्हा २०० सेमीला १९९-२०० यायचं. आता एप्रिलच्या दुपारी तीच वायर, तोच कोड आणि १९३ दाखवतोय, १०० ला साडेशहाण्णव. सेन्सर गेला का?

दुसरं, चालणाऱ्या मुलाची रेघ मधेच टुणकन साडेतीन मीटरवर जाते आणि परत खाली येते.

आणि एका मुलीने विचारलं की बाई, पुस्तकात तर प्रतिध्वनीसाठी निदान १७.२ मीटर अंतर लागतं असं आहे, मग हा २० सेमीवरचा प्रतिध्वनी कसा ऐकतो? उद्या सांगते म्हणाले आहे, प्लीज मदत करा.

उत्तर १ – सोल्डरिंगवाला

मॅडम सेन्सर एकदम ठणठणीत आहे. तो अंतर मोजतच नाही, तो फक्त वेळ मोजतो, अंतर आपण कोडमध्ये काढतो. ट्रिगर पिनला १० मायक्रोसेकंदांचा पल्स दिला की तो ४० किलोहर्ट्झचे ८ ठोके सोडतो आणि परतीचा आवाज येईपर्यंत एको पिन हाय (म्हणजे चालू) ठेवतो, ती जेवढा वेळ हाय तेवढा जाऊन-येऊनचा वेळ, म्हणून निम्मं करायचं.

तुमच्या कोडमध्ये ०.०३४ (सेमी प्रति मायक्रोसेकंद) असणार, बघा. म्हणजे ध्वनीचा वेग ३४० मीटर प्रति सेकंद धरलाय आणि तो साधारण १५ अंश सेल्सिअसचा वेग आहे, तुमची डिसेंबरची सकाळ! खोली ३४ अंशांवर गेली की वेग ३५२ होतो, आवाज लवकर परत येतो आणि कोडला वाटतं भिंत जवळ आली. हिशेब करून बघा, ४ मीटर भागिले ३५२ म्हणजे ११,३६४ मायक्रोसेकंद, गुणिले ०.०१७ (०.०३४ चं निम्मं), बरोब्बर १९३. आणि १०० लाही तेवढीच टक्केवारी कमी येतेय, हीच खूण. सेन्सर टेपच्या शून्यापासून मागेपुढे बसला असता तर सगळीकडे सारखेच सेमी चुकले असते.

भिंतीवरचा थर्मामीटर बघून वेग = ३३१.३ + ०.६०६ × तापमान हे कोडमध्ये घाला.

उत्तर २ – फिजिक्स_लॅब

उडीबद्दल सांगतो, आमच्याकडे दर वर्षी होतं. आवाज सरळ रेघेत जात नाही, टॉर्चच्या झोतासारखा पसरत जातो, आणि जो प्रतिध्वनी पहिला पुरेसा जोरात येईल तोच धरला जातो. कपडे आवाज शोषतात, मूल जरा तिरकं झालं की आवाज भलतीकडे परावर्तित होतो, मग मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी पहिला ठरतो. तुमचे साडेतीन मीटर म्हणजे बहुतेक मागची भिंतच, टेप लावून बघा. उलट बाजूने बाक किंवा टेबलाची कड झोतात आली तर मूल कुठेही असो, रेघ तिथेच सपाट अडकते.

उपाय फुकटचा आहे, मुलाच्या हातात परीक्षेचं पॅड द्या, छातीशी सरळ धरून चालायचं, सेन्सरही छातीच्या उंचीवर आणि बाकं बाजूला. आणि दोन गट शेजारी शेजारी नका बसवू हो, एकाचा आवाज दुसऱ्याचा सेन्सर ऐकतो आणि मुलं तासभर वायरी तपासत बसतात.

वेगाचा आलेख काढणार असाल तर अजून एक. एखादा ठोका ऐकायचा राहिला की वेळ २५ मायक्रोसेकंदांनी चुकते, म्हणजे अंतरात जेमतेम ४ मिमी, पण दोन रीडिंगमधल्या ५० मिलिसेकंदांनी भागलं की वेगात ८-९ सेमी प्रति सेकंदाचा काटा उभा राहतो. पाच-पाच रीडिंगची सरासरी घेऊन मग वेग काढा.

उत्तर ३ – परदेशातली_मास्तरीण

मी अमेरिकेत हायस्कूलला शिकवते, आमच्याकडचा मोशन डिटेक्टर याच जातीचा, चालू असताना टकटक ऐकू येतं. जुन्या डिटेक्टरमधली ती गोल चकती मुळात पोलरॉइडच्या १९७८ च्या सोनार कॅमेऱ्यातली, फोकससाठी बनवलेली. तीच चकती आवाज सोडते आणि तीच ऐकते, म्हणून स्वतःची थरथर थांबेपर्यंत ती बहिरी असते आणि अगदी जवळचं काही मोजता येत नाही. तुमच्या सेन्सरला बोलायला आणि ऐकायला दोन वेगळे डोळे आहेत म्हणून तो २ सेमीपर्यंत येतो.

तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला फार आवडला. ते १७.२ मीटर आपल्या कानामेंदूमुळे आहे, आवाजाचा ठसा ०.१ सेकंद टिकतो, त्याआधी आलेला प्रतिध्वनी मूळ आवाजात मिसळतो. परतणं तर २० सेमीवरूनही होतंच. सेन्सरचे ८ ठोके ०.२ मिलिसेकंदात संपतात आणि २० सेमीवरून परत यायला सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास लागतो, तोवर तो गप्प होऊन ऐकत असतो.

नववीची_विज्ञानबाई

सगळ्यांचे मनापासून आभार. थर्मामीटरवर ३४ होतं, कोड बदलला आणि २०० ला २००, १०० ला १०० आलं. पॅड दिल्यावर उड्याही थांबल्या, मागची भिंत खरंच ३५२ सेमीवर निघाली. त्या मुलीला उत्तर सांगितलं तर ती म्हणाली, मग बाई टेपचं अंतर माहीत असेल तर हा सेन्सर तापमान सांगेल ना? लगेच करून बघितलं, २०० सेमीला वेळ ११,३६० मायक्रोसेकंदांच्या आसपास, त्यावरून वेग ३५२ आणि तापमान ३४! उद्या सकाळी सातला लॅब उघडून परत मोजणार आहोत, ती आणि अजून चार जण लवकर येतायत.