इन्हिबिशन : निरोध, अवरोध, दमन की आणखी काही?

सायलीची_आई
शाळकरी मुलांच्या मासिकासाठी एक लेख मराठीत करतेय. झेनोपस या आफ्रिकन बेडकाचं नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू कसं पोहतं, हा विषय. पिल्लू जेमतेम ५ मिलिमीटरचं, दोन दिवसांचं. ब्रिस्टल विद्यापीठात ॲलन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं खपून त्याच्या मज्जारज्जूतल्या चेतापेशींचे प्रकार ओळखले, कोण कोणाला जोडलंय ते शोधलं. त्वचेला नुसता केस टेकवला तरी पिल्लू सुटतं, शेपटी सेकंदाला १० ते २५ वेळा डावी-उजवी होते. डावी बाजू आखडते त्याच क्षणी डावीकडच्या काही पेशी पलीकडे ग्लायसीन हे रसायन सोडून उजवीला गप्प बसवतात. मग उलट. हे गप्प बसवणं म्हणजे इन्हिबिशन. कोशात ‘निरोध’ आहे. संपादक म्हणतात, नको, मुलं हसतील. ‘अवरोध’ लिहिलं तर रस्त्यात दगड पडल्यासारखं वाटतं. काय लिहू?

जुनी_पोथी
निरोधच लिहा. ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’ हे पतंजलींनी लिहून किती शतकं झाली! १९६८ साली सरकारने एका वस्तूला ते नाव दिलं म्हणून आपण शब्द टाकून द्यायचा? असे किती टाकणार?

खडूफळा
पोथीकाका, आठवीच्या वर्गात उभं राहून हा शब्द उच्चारून बघा. पुढचा अर्धा तास पतंजलीसुद्धा वर्ग सांभाळू शकणार नाहीत. ‘दमन’ कसं वाटतं? मला त्यात लाठीमार ऐकू येतो, पण अर्थ पोचतो.

अक्षतंतू
याच क्षेत्रात काम करतो म्हणून लिहितो. आधी क्रिया काय आहे ते पाहू, कारण वरचे तिन्ही शब्द ‘थांबवणे’ एवढंच सांगतात. पोहणं चालू असताना ताल चालवणाऱ्या पेशी आधीच उत्तेजित असतात, पण एका हेलकाव्याला साधारण एकच विद्युत स्पंद सोडून थबकतात. पलीकडून ग्लायसीनचा क्षणभराचा दाब येतो, त्यांचा विद्युतदाब खाली जातो, आणि तो दाब सरताच त्या उसळून पुढचा स्पंद सोडतात. म्हणजे ज्याने गप्प केलं त्यानेच बोलतं केलं. ताकाच्या रवीची दोरी आठवा: एक टोक ओढलं जातं तेव्हा दुसरं आत जातं, आणि आत गेलं म्हणूनच त्याला पुन्हा ओढता येतं. मला ‘दाब’ आणि ‘उसळी’ ही जोडी आवडते.

नदीपल्याड
रवी सुंदर, पण दोरीला दोन्ही टोकं लागतातच. या पिल्लाचा मज्जारज्जू मधोमध उभा चिरून एकच बाजू ठेवली तरी तिच्यातून ताल निघतो, असं दिसलेलं आहे. दोन बाजूंनी एकमेकींना आलटून पालटून गप्प करायचं, ही कल्पना ग्रॅहम ब्राऊन या शास्त्रज्ञाने १९११ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून मांडली होती. ती इथे लागू पडते, पण सगळं काम तिच्याकडे देऊ नका. शिवाय ‘दाब’ म्हटलं की मुलांना रक्तदाब आठवणार.

जुनी_पोथी
आणि मज्जारज्जू काय म्हणून? मज्जा हाडाच्या पोकळीत असते. मेरुरज्जू म्हणा.

खडूफळा
पाठ्यपुस्तकात मेरुरज्जूच आहे, पण घराघरात ‘मज्जारज्जूला मार लागला’ असंच म्हणतात. डॉक्टरसुद्धा.

शेवाळ
मुलांसाठी आहे ना? मग त्या ‘पिल्ला’ला नाव द्या. विश्वकोशात ‘भैकेर’ आहे.

पाणकोंबडी
भैकेर कोणाच्या तोंडी आहे? आमच्या खाचरात पहिल्या पावसानंतर काळे ठिपके वळवळायचे, त्यांना सगळं गाव बेडूकमासे म्हणायचं.

शेवाळ
पण तो मासा नाही. मुलांना चुकीचं का शिकवायचं?

पाणकोंबडी
देवमासाही मासा नाही. म्हणून कोणी तो शब्द बदलला नाही. आणि हे पिल्लू कल्ल्यांनी श्वास घेतं, शेपटीने पोहतं. बघणाऱ्याने मासा म्हटलं यात चूक कुठे?

अक्षतंतू
पाणकोंबडींच्या बाजूने. शरीरात डोक्याकडून शेपटीकडे लाट जाते, ते अगदी माशासारखंच. तेच पिल्लू चिमटीत धरलं तर लाट उलटी फिरते, शेपटीकडून डोक्याकडे, संथ आणि जोरकस. त्याला ‘पोहणं’ म्हणत नाहीत, ‘झटापट’ म्हणा.

सायलीची_आई
‘झटापट’ घेतली! आणखी एक अडचण. प्रयोगात पिल्लाचे स्नायू विषाने बधिर करतात, तरी मज्जारज्जूतून पोहण्याचा ताल निघतच राहतो. याला इंग्रजीत ‘फिक्टिव्ह स्विमिंग’ म्हणतात, पण मराठीत ‘काल्पनिक पोहणं’ म्हणणं मला पटत नाही. ते कोणी कल्पिलेलं नाही, नसांमध्ये खरंच घडतंय.

नदीपल्याड
‘न हलता पोहणं’. आणि ते विष तैवान, दक्षिण चीनकडच्या एका सापाचं, आपल्या मण्यारीच्या भावकीतला. हे लेखात जरूर घाला, मुलं लक्षात ठेवतील.

खडूफळा
इन्हिबिशनसाठी ‘आवर’ कसा? आवर घालणाऱ्या पेशी. ‘स्वतःला आवर’ आपण रोज म्हणतो, आणि आवरलेला माणूस पुन्हा बोलतोच.

जुनी_पोथी
घरगुती आहे. शास्त्राला चालणार नाही. ‘आवर’चं विशेषण काय करणार?

पाणकोंबडी
शास्त्राला ‘स्नायू’ चालला ना? संस्कृतात तो हाडाला बांधणारा तंतू होता. आणि स्नायूचं अस्सल मराठी नाव बेडकावरूनच आहे: दंडाची बेडकुळी.

शेवाळ
बेटकुळी. ट. बेडकाशी संबंध नाही.

पाणकोंबडी
आहे. दंड वळवला की कातडीखाली बेडूक उसळतो. लॅटिनमध्ये स्नायूला छोटा उंदीर म्हणतात, तिथे कोणी शंका घेत नाही.

जुनी_पोथी
आमच्याकडे दोन्ही ऐकलंय. देशावर ट, कोकणात ड?

खडूफळा
मी देशावरची, आणि आम्ही ड म्हणतो.