नवीन घरासाठी प्रोपेन: सिलिंडर की टाकी, आणि कशाकशासाठी?
(एका चर्चेतले प्रश्न आणि उत्तरं. ‘उंबरठा’ प्रश्न विचारतो, बाकीचे उत्तरं देतात. ही सगळी टोपणनावं आहेत.)

उंबरठा
नवीन घर बांधून होत आलंय. पाइपचा गॅस तिथपर्यंत पोचत नाही. वीज आहे, पण अधूनमधून जाते. चार माणसांचा स्वयंपाक, अंघोळीचं पाणी आणि हिवाळ्यात खोल्या उबदार ठेवणं, या तिन्हीसाठी प्रोपेन (सिलिंडरमध्ये द्रवरूपात येणारा इंधन गॅस) घ्यायचा विचार आहे. थंडीत रात्री पारा उणे दहापर्यंत उतरतो. 47 किलोचे दोन सिलिंडर पुरतील, की टाकीच लागेल? विजेशी तुलना कशी करायची? आणि शेगडी पाइपच्या गॅसची आहे, ती चालेल ना?

तराजू
तिन्ही कामं एका हिशेबात कोंबू नका. 1 किलो प्रोपेनमधून साधारण 12.9 युनिट (1 युनिट म्हणजे 1 किलोवॅट-तास) उष्णता मिळते, हा आकडा धरून प्रत्येक काम वेगळं मोजा.

स्वयंपाक: 2 किलोवॅटचे दोन बर्नर सव्वा तास चालले तर 5 युनिट, म्हणजे रोज 400 ग्रॅमच्या आत. पाणी: 200 लिटर 10 अंशांवरून 40 वर न्यायला 7 युनिट, गीझरची कार्यक्षमता 85 टक्के धरली तर सुमारे 640 ग्रॅम. इथवर रोजचा एक किलो झाला. आता खोल्या. घरातून सरासरी 6 किलोवॅट उष्णता बाहेर जात असेल आणि बारा तास तापवायचं असेल, तर 72 युनिट लागतात. 90 टक्के कार्यक्षमतेलाही रोज 6.2 किलो! म्हणजे दोन सिलिंडर दोन आठवड्यांत रिकामे.

टाकीचं म्हणाल तर 1000 लिटरची टाकी 80 टक्केच भरतात, कारण द्रव तापला की फुगतो आणि त्याला वर जागा लागते. 800 लिटर म्हणजे जवळपास 400 किलो.

तुलनेचं सूत्र सोपं आहे. पाण्यासाठी 1 किलो प्रोपेन विजेच्या साध्या गीझरच्या 11 युनिटांच्या तोडीचा. किलोचा भाव युनिटच्या भावाच्या 11 पटींपेक्षा कमी असेल तर प्रोपेन स्वस्त. पण खोल्यांसाठी हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेचं यंत्र) 1 युनिटात 3 युनिट उष्णता देत असेल, तर हीच मर्यादा 4 पटींच्या जरा खाली येते. कडाक्याच्या थंडीत पंपाचं हे प्रमाण घसरतं, तेवढं लक्षात ठेवा. तरी माझं मत: चूल आणि पाणी प्रोपेनवर, खोल्या हीट पंपावर. आणि त्याआधी छताचं इन्सुलेशन, कारण ते 6 किलोवॅट कमी करणं हीच सगळ्यात मोठी बचत.

दवबिंदू
किलोंच्या हिशेबात एक गोष्ट निसटते. सिलिंडरमध्ये गॅस शिल्लक असणं वेगळं आणि तो हव्या त्या वेगानं बाहेर येणं वेगळं.

मिनिटाला 10 लिटर पाणी 25 अंशांनी तापवणारा गीझर ताशी सुमारे 1.6 किलो ओढतो. एवढ्या द्रवाची वाफ व्हायला जवळपास 165 वॅट उष्णता लागते, आणि ती पत्र्यातून, बाहेरच्या हवेकडूनच यावी लागते. हवाच थंड असेल तर ती पुरत नाही. आतला द्रव गार पडतो, दाब उतरतो, ज्योत बारीक होते. तेव्हा सिलिंडरवर दव किंवा हिमाचा पांढरा पट्टा दिसतो. त्याची वरची कड म्हणजे द्रवाची पातळी. पातळी खाली गेली की ओला पत्रा कमी होतो, म्हणून अर्ध्याखालचा सिलिंडर लवकर दम टाकतो. दोन्ही सिलिंडर एकत्र जोडून एकाच वेळी वापरा, भार निम्मा होतो. गरम करायला ज्योत किंवा हीटर लावू नका. आणि सिलिंडर आडवा कधीच नाही, रेग्युलेटरमध्ये द्रव शिरतो.

घेताना ‘शुद्ध प्रोपेन’ आहे ना, विचारा. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, ब्युटेन (मिश्र सिलिंडरमधला दुसरा इंधन गॅस) शून्याच्या अर्धा अंश खाली. मिश्रणातला प्रोपेन आधी उडतो आणि तळाला राहिलेला ब्युटेन उणे दहाला हलतच नाही. सिलिंडर जड, पण शेगडी पेटत नाही, ते यामुळेच.

पाना-पक्कड
शेगडी आहे तशी जोडाल तर घात होईल. पाइपच्या नैसर्गिक गॅसचा दाब साधारण 20 मिलिबार, प्रोपेनच्या उपकरणांना बऱ्याच ठिकाणी 37. तेच जेट (गॅस सोडणारी बारीक छिद्राची तोटी) ठेवलं तर बर्नरला दुपटीहून जास्त उष्णता मिळते: लांब पिवळी ज्योत, भांड्याच्या बुडाला काजळी आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइड. छिद्राचं क्षेत्रफळ निम्म्याच्या आसपास हवं. उत्पादकाचा प्रोपेनचा जेट-संच मिळाला तर बसवून घ्या, नाही तर दुसरी शेगडी. छिद्र बुजवून पुन्हा ड्रिल मारणं हा उपाय नव्हे.

दाब मोजायला यू आकाराची पारदर्शक नळी आणि पाणी पुरतं. 37 मिलिबारला दोन्ही बाजूंच्या पाण्यात सुमारे 38 सेंटिमीटर फरक दिसतो. हे माप गीझर आणि सगळे बर्नर चालू ठेवून घ्या. तेव्हा हा फरक बराच कमी झाला तर गॅसची नळी बारीक आहे किंवा रेग्युलेटर कमी क्षमतेचा. गळतीसाठी साबणाचा फेस प्रत्येक सांध्यावर, काडी कुठेही नाही. रेग्युलेटरचं श्वासछिद्र खाली तोंड करून ठेवा. कुंभारीण माशी मातीचं घर करून ते बुजवते आणि दाब बिघडतो.

उंबरठा
हिशेब पटला. सिलिंडर तळघरात जाळीआड ठेवणार होतो, चालेल? आणि वीज गेल्यावर गीझर पेटेल का?

पाना-पक्कड
तळघरात अजिबात नको. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, गळला की पायऱ्यांवरून पाण्यासारखा खाली उतरतो आणि तिथेच साचतो. हवेत 2 टक्क्यांच्या किंचित वर गेला की ठिणगी पुरे. 1 किलो गळतीतून अर्धा घनमीटर वायू होतो, तो 25 घनमीटरच्या खोलीला पुरतो. सिलिंडर बाहेर, उघड्यावर, पक्क्या ओट्यावर, साखळीनं बांधून. गटाराच्या जाळीपासून आणि तळघराच्या खिडकीपासून लांब. अंतर तिथल्या नियमात लिहिलेलं असतं. घरात गॅसचा अलार्म जमिनीलगत, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा आणि श्वासाच्या उंचीवर.

गीझरला धूर बाहेर फेकणारा पंखा असेल तर विजेशिवाय तो सुरूच होत नाही. वीज फार लागत नाही, छोटा इन्व्हर्टर पुरतो. बॅटरीच्या ठिणगीवर पेटणारे बिनपंख्याचेही मिळतात, पण त्यांना धुराडं आणि बाहेरून हवा यायला वाट हवीच. बंद न्हाणीघरात तो लावूच नका.