मदत हवी आहे: सिबिल कमी असूनही क्रेडिट कार्ड मंजूर झाले, आता परताव्यासाठी आणखी 9,440 रुपये भरावेत का?

कोष्टीवाडा (धागालेखक), सोमवार, सायंकाळी 7.42

नमस्कार. प्रश्न नेमका आहे, उत्तरही नेमके मिळावे ही विनंती. क्रेडिट कार्ड मंजूर झाल्याचे सांगून माझ्याकडून तीन वेळा पैसे घेतले गेले. प्रथम 1,999 रुपये फाइल शुल्क, नंतर 4,720 रुपये विम्याचे (4,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी) आणि शेवटी 7,500 रुपये अनामत. कार्ड काही आले नाही. आज मी फाइल रद्द करा म्हणालो, तेव्हा रद्द करण्याचे शुल्क म्हणून 9,440 रुपये रात्री दहाच्या आत भरले तर सगळे मिळून 23,659 रुपये एकरकमी परत मिळतील, नाहीतर आधीची रक्कम जप्त होईल, असे सांगण्यात आले.

भरावेत की भरू नयेत? असा परतावा कोणाला प्रत्यक्ष मिळाला आहे का? लोभापायी फसलात, अशी प्रवचने कृपया नकोत. माझा सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरून ठरणारा पतगुणांक) 571 आहे. ज्याला दोन वर्षांत चार बँकांनी दारातूनच परत पाठवले, त्याला कोणी ‘हो’ म्हटले की तो ऐकून घेतो, एवढेच. मंजुरीचे पत्र आणि कार्डाचे चित्र सोबत जोडले आहे.

सदाफुली, 7.51

एक रुपयाही भरू नका. बाकी सगळे नंतर बोलू, परंतु आधी हे सांगा: पैसे कोणत्या दिवशी गेले, कोणत्या मार्गाने गेले आणि कोणाच्या नावावर गेले? सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या 1930 या सरकारी क्रमांकावर तक्रार केली आहे का?

निवृत्त शाखाधिकारी, 7.58

मी 34 वर्षे बँकेत काढली आहेत, त्यापैकी सहा वर्षे कर्ज विभागात. कार्डाचे वार्षिक शुल्क आणि त्यावरील जीएसटी कार्ड हाती पडल्यानंतर पहिल्या बिलात लागतो. कार्ड देण्याआधी कोणाच्या मोबाइलवर पैसे पाठवायला कोणतीही बँक सांगत नाही. आपण जोडलेले पत्र मी मोठे करून पाहिले. त्यावर रिझर्व्ह बँकेचा शिक्का आहे, परंतु रिझर्व्ह बँक कोणत्याही व्यक्तीचे कार्ड मंजूर करत नसते, मग तिचा शिक्का तेथे काय करतो? आणि कार्डाच्या चित्रावर व्हिसाचे चिन्ह असताना क्रमांक मात्र 6 ने सुरू होतो. व्हिसाचा क्रमांक 4 ने सुरू होतो. ज्याने हे चित्र बनवले त्याला एवढेही ठाऊक नव्हते.

कोष्टीवाडा, 8.06

यूपीआयने पाठवले. पहिले दोन शुक्रवारी, तिसरे शनिवारी. नाव व्यक्तीचे होते. तो ‘विभागीय कलेक्शन अधिकारी’ आहे, असे सांगितले गेले. 1930 ला फोन केला तर पैसे परत मिळण्याची चालू असलेली प्रक्रिया बंद पडेल, असे त्यांनी बजावले आहे. क्रमांक 4 ने सुरू होतो हे मला कसे माहीत असणार?

चिंतामणी, 8.11

धागालेखक, आपला मूळ प्रश्न फसवणुकीचा नसून पतगुणांकाचा आहे. तो सुधारला असता तर हा फोन घेण्याची वेळच आली नसती. मी स्वतः 2021 मध्ये 590 वर होतो. बँकेत 20,000 रुपयांची मुदत ठेव ठेवून त्या ठेवीवर कार्ड घेतले, महिन्याला मर्यादेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त वापरले नाही आणि बिल दर वेळी पूर्ण भरले. आज मी 760 वर आहे. ठेवीवरच्या कार्डाला बँका सहसा जुना गुणांक अडवा आणत नाहीत, कारण त्यांचे पैसे त्यांच्याच हातात असतात. आपणही हेच करावे.

सदाफुली, 8.14

चिंतामणी, घराला आग लागली असताना आपण विहीर कोठे खणावी याचा सल्ला देत आहात. ठेवीचे कार्ड चांगलेच आहे, परंतु ते पुढच्या महिन्यात.

धागालेखक, 1930 ला फोन करू नका असे ज्याने सांगितले, त्याला त्या फोनची भीती का वाटते, याचा विचार करा. केंद्र सरकारची ही व्यवस्था 2021 पासून चालू आहे. तक्रार नोंदली गेली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला संदेश जातो, आणि रक्कम तेथे शिल्लक असेल तर ती रोखून धरली जाते. शनिवारचे पैसे अजून कोठे तरी पडून असू शकतात. प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक काढून ठेवा आणि आता फोन लावा. आणखी एक. आपण कोणते अॅप डाउनलोड केले होते का?

हडसनकाठी, 8.22

मी न्यू जर्सीत राहतो. आमच्याकडे हा धंदा फार जुना आहे. पत बिघडलेल्या लोकांच्या याद्या विकत घेऊन त्यांना ‘खात्रीने कार्ड’ म्हणून फोन करायचे, आणि पैसे भरल्यावर जे कार्ड हाती यायचे ते कधी कधी फक्त त्याच विक्रेत्याच्या छापील यादीतील वस्तू घेण्यापुरतेच चालायचे. 1995 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी ग्राहकसंरक्षण संस्थेने केलेल्या टेलिमार्केटिंगच्या नियमांनुसार, कर्ज किंवा कार्ड मिळवून देण्याची हमी देणाऱ्याने ते मिळण्याआधी शुल्क मागणे हाच नियमभंग ठरतो. भारतातही असा थेट नियम हवा.

निवृत्त शाखाधिकारी, 8.27

नियमांची उणीव नाही. रिझर्व्ह बँकेने 2025 च्या जानेवारीत बँकांना सांगितले आहे की ग्राहकाला सेवेसंबंधीचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून आणि जाहिरातीचे फोन 140 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून करावेत. धागालेखकांना आलेला फोन साध्या दहा अंकी मोबाइलवरून आला असणार. खरे की नाही?

कोष्टीवाडा, 8.31

हो, साधा मोबाइल. अमेरिकेतील नियम ऐकून मला काय करायचे आहे? अॅपचे विचारले म्हणून सांगतो: शनिवारी त्यांनी व्हॉट्सअॅपवर एक फाइल पाठवली होती. केवायसीसाठी ती उघडायची होती. माझ्या फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून पत्नीच्या फोनमध्ये घातली. ते अॅप नीट चाललेच नाही, नुसते गोल फिरत राहिले, त्यामुळे ते मी महत्त्वाचे मानले नाही. तिसरी रक्कमही तिच्याच फोनवरून पाठवली होती.

सदाफुली, 8.34

हेच सर्वांत महत्त्वाचे होते, आणि आपण ते पाऊण तास सांगितले नाही. त्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके (प्ले स्टोअरबाहेरून अॅप थेट फोनमध्ये घालणारी फाइल) होते का? अॅपने संदेश वाचण्याची परवानगी मागितली होती का? त्यात डेबिट कार्डाचा क्रमांक, मागचे तीन अंक, असे काही भरले का?

कोष्टीवाडा, 8.39

एपीकेच होते. परवानगी मागितली, आम्ही दिली. ‘खाते पडताळणी’ असे लिहिलेल्या चौकटीत तिच्या कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक भरले.

सदाफुली, 8.42

त्या फोनचा डेटा आणि वायफाय दोन्ही आत्ता बंद करा. अॅप घाईने काढून टाकू नका. आधी दुसऱ्या फोनने त्याच्या पडद्याची आणि व्हॉट्सअॅपवरील संभाषणाची छायाचित्रे घ्या, ते पुरावे आहेत. मग तुमच्या फोनवरून तिच्या बँकेला फोन करून डेबिट कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करून घ्या. क्रमांक पासबुकावरून घ्या, गुगलवर शोधून नको. ज्या अॅपला संदेश वाचता येतात त्याला ओटीपीही वाचता येतो. ते नुसते गोल फिरत नव्हते. फोन पुन्हा वापरण्याआधी तो पूर्ण रिकामा करावा लागेल. आणि वहिनींना सांगितले आहे का?

कोष्टीवाडा, 9.20

तिला केवायसी आहे एवढेच ठाऊक होते. आता सांगितले. ती बचत गटाची सचिव आहे, आणि गटाचे 38,000 रुपये तिच्या खात्यात होते. मुख्य बाजू अशी की काल, रविवारी रात्री 11.53 ला 10,000 रुपये गेलेले आहेत. संदेश आम्हाला दिसलाच नाही. बँकेने कार्ड बंद केले आहे, 28,000 शाबूत आहेत. 1930 लागत नाही, सतत व्यग्र येत आहे.

लेखापाल कागलकर, 9.27

फोन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते, मात्र फोनही लावत राहा. आता पैशांविषयी. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या परवानगीविना झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर त्याची जबाबदारी शून्य असते, आणि बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात जमा करायची असते. तेव्हा काळजी नसावी, संपूर्ण 24,219 रुपये बँकेला द्यावे लागतील.

निवृत्त शाखाधिकारी, 9.36

कागलकर साहेब, परिपत्रक आपण अर्धेच सांगितले. पहिले तीन व्यवहार धागालेखकांनी स्वतः पिन टाकून केले आहेत. त्यांना ‘परवानगीविना’ म्हणता येणार नाही, आणि बँक तसे म्हणू देणार नाही. शून्य जबाबदारीची तरतूदही चूक ग्राहकाची नसतानाची आहे. गोपनीय माहिती ग्राहकाने स्वतः दिली असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचे असते, असे तेथेच लिहिले आहे. खोटी आशा देऊ नये.

लेखापाल कागलकर, 9.44

पहिल्या तिघांचे मान्य. ते 14,219 रुपये 1930 वर जेवढे रोखले जातील तेवढेच. परंतु 10,000 रुपयांचे मी सोडणार नाही. तो व्यवहार त्यांनी केलेला नाही, ओटीपी कोणाला सांगितलेला नाही, आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे, हेही त्याच परिपत्रकात आहे. उद्या सकाळी शाखेत जाऊन फक्त या एका व्यवहाराची स्वतंत्र लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. चारही रकमा एका अर्जात कोंबल्या तर बँक सगळ्यांनाच एक उत्तर देऊन मोकळी होईल. 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क लागत नाही.

निवृत्त शाखाधिकारी, 9.49

स्वतंत्र अर्जाचे मान्य. हे मीच सांगायला हवे होते.

गोरखचिंच, 10.05

मी 1909 वर नोंदणी करून जाहिरातीचे फोन कायमचे बंद करून घेतले आहेत. सर्वांनी हे केले असते तर असे धागेच निघाले नसते.

हडसनकाठी, 10.09

नोंदणीने परवानाधारक जाहिरातदार थांबतो. चोर यादी तपासून फोन करत नाही.

कोष्टीवाडा, मंगळवार, दुपारी 3.15

रात्री पावणेअकराला 1930 लागला. चारही व्यवहार नोंदवून पोचक्रमांक मिळाला. दहाला त्या कार्डवाल्यांचा फोन आला होता, मी उचलला नाही. नंतर व्हॉट्सअॅपवर ‘आपली फाइल जप्त’ असा संदेश लाल अक्षरांत आला. सकाळी शाखेत गेलो. शनिवारच्या 7,500 पैकी 3,100 रुपये समोरच्या खात्यात सापडले आणि रोखले गेले आहेत, बाकीचे दुसऱ्या राज्यातील एटीएममधून निघाले. रोखलेले पैसे कायदेशीर प्रक्रियेनंतर मिळतील, असे पोलीस ठाण्यात सांगितले. 10,000 चा वेगळा अर्ज दिला. शाखेतील बाई आधी घ्यायला तयार नव्हत्या. 2017 च्या परिपत्रकाची तारीख सांगितल्यावर त्यांनी शिक्का मारला. कागलकर साहेबांचे आभार.

काल चिडून बोललो, माफ करावे. पॅन आणि आधारचे फोटोही त्यांच्याकडे आहेत. आता त्यांचे काय?

सदाफुली, 3.40

आधारचे बायोमेट्रिक लॉक करा. संचार साथी या दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते पाहा. अनोळखी असेल तर तेथेच कळवता येते. आणि पतगुणांक देणाऱ्या चारही क्रेडिट ब्युरोंकडून (सिबिल त्यांपैकीच एक) वर्षातून एकदा स्वतःचा अहवाल मोफत मिळतो. चौघांचे एकदम न मागवता दर तीन महिन्यांनी एकाचा मागवा, म्हणजे तुमच्या पॅनवर कोणी कर्ज मागितले तर वर्षभर लक्ष राहील.

चिंतामणी, 3.52

अहवाल हाती आला की जुन्या कर्जापुढे काय लिहिले आहे तेही पाहा. 571 कशामुळे झाला?

कोष्टीवाडा, 4.10

इचलकरंजीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचे दुकान आहे. 2020 च्या टाळेबंदीत माग बंद, दुकान बंद. सहा महिन्यांची सवलत ऑगस्टला संपली, धंदा मात्र सुरू झाला नव्हता. कार्डाचे देणे 2022 मध्ये तडजोडीने मिटवले. तेव्हा वसुलीवाला म्हणाला होता की आता सगळे स्वच्छ झाले.

चिंतामणी, 4.18

तेथेच घोळ आहे. तडजोडीने मिटलेले खाते ‘सेटल्ड’ म्हणून राहते, ‘क्लोज्ड’ म्हणून नाही, आणि प्रत्येक बँक ते वाचून मागे सरते. त्या बँकेला विचारा की सोडलेली बाकी आता भरली तर नोंद बदलून निरंक (काही देणे बाकी नाही, असे) प्रमाणपत्र देणार का. लेखी होकार आल्याशिवाय भरू नका. आणि हो, नंतर ठेवीवरचे कार्ड. आता तरी हा सल्ला वेळेवर आहे ना, सदाफुलीताई?

सदाफुली, 4.21

आता आहे.

कोष्टीवाडा, बुधवार, सकाळी 11.06

आत्ताच एक फोन आला. फार सुसंस्कृत मराठी बोलणारा माणूस होता. ‘सायबर परतावा कक्ष’ म्हणाला. 1,999, 4,720, 7,500 आणि 9,440 हे चारही आकडे त्याला ओळीने पाठ होते, आणि पूर्ण 23,659 रुपये आज संध्याकाळपर्यंत मिळवून देण्यासाठी त्याला फक्त 2,100 रुपये हवे होते. 9,440 तर मी भरलेच नव्हते, आणि रविवारचे 10,000 त्याच्या यादीत नव्हते. फोन पत्नीने घेतला होता. ‘तुमचा सिबिल किती आहे?’ असे तिने त्याला विचारले, तेव्हा त्याने फोन ठेवला. हा क्रमांक कोठे कळवायचा, एवढे सांगा.

सदाफुली, 11.12

संचार साथीवर ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तेथे. आणि 1930 च्या त्याच पोचक्रमांकाखाली पोलीस ठाण्यातही द्या.