विषय: शुगरहाउस बघायला नक्की कधी जायचं?

प्रेषक: नीलू (वेस्टबरो)

मंडळी नमस्कार,

आई-बाबा फेब्रुवारीपासून इथे मॅसॅच्युसेट्समधे आलेत, बर्फ बघून बघून पार कंटाळलेत, आणि बाबांना कुणीतरी सांगितलंय की इथे शुगरहाउस नावाच्या शेडमधे मेपलच्या झाडाचा रस आटवून सिरप करतात, तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर "कधी जायचं" चालू आहे. बाबांचं सगळं आयुष्य कागल तालुक्यात गेलं, घरचं गुऱ्हाळ होतं, त्यामुळे गिफ्ट शॉप आणि पॅनकेक त्यांना नकोय, उकळताना बघायचंय. न्यू हॅम्पशायरचा मेपल वीकेंड (तेव्हा शुगरहाउस लोकांना बघायला उघडी असतात) बघितला तर तो नेमका आपल्या पाडव्याच्या कार्यक्रमावर येतोय आणि मी स्वयंपाक कमिटीत. वीकेंड सोडून एरवी गेलं तर आत घेतात का? आईचे गुडघे दुखतात, चिखल कितपत असतो? दोघं शाकाहारी आहेत, तिथे खायला काय मिळेल? मुलं पण बरोबर असणार.

नीलू

---

प्रेषक: आबा (नॅशुआ)

नीलू, वीकेंडच्या नादाला लागू नकोस. झाड काही कमिटी बसवून तारीख ठरवत नाही. रात्री पारा विशीत आणि दिवसा ऊन पडून चाळिशीत (फॅरनहाइट हं, बाबांना सांगताना उणे पाच आणि अधिक पाच सांग) असं झालं की सॅप, म्हणजे झाडातला रस, वाहतो. रात्री गोठलंच नाही तर थांबतो, दिवसभर गोठलेलंच राहिलं तरी थांबतो. म्हणजे होतं काय, रात्री गोठताना खोडाच्या आत दाब कमी पडतो आणि मुळांकडून पाणी वर ओढलं जातं, मग दिवसा ऊब आली की आतला दाब वाढतो आणि जिथे भोक पाडलंय तिथून रस बाहेर. बाकी कॅलेंडरला काही अर्थ नाही. व्हरमाँटमधली जुनी माणसं टाउन मीटिंग डेला, म्हणजे मार्चच्या पहिल्या मंगळवारी, झाडं टॅप करायची, म्हणजे रसासाठी भोकं पाडायची, आता बरेच जण फेब्रुवारीतच सुरू करतात.

आणि सॅप ठेवून चालत नाही, जरा ऊब लागली की नासायला लागतो, त्यामुळे आज गोळा झालेला शक्यतो आजच उकळायचा. छोट्या घरगुती ठिकाणी नवरा-बायको दिवसा नोकरीला असतात आणि संध्याकाळी भट्टी पेटवतात ती रात्री अकरा-बारापर्यंत. म्हणून दुपारी तीनच्या सुमारास सरळ फोन करायचा, आज बॉइल आहे का, चार माणसं आलो तर चालेल का. बहुतेक लोक या म्हणतात. जवळ पोचल्यावर पत्ता शोधावा लागत नाही, छपराच्या टोकावरची झडप उघडी असते आणि वाफेचा लोट निघत असतो, तो दिसला की गाडी वळवायची.

चिखलाचं म्हणशील तर आहे, भरपूर आहे. मार्चमधे कच्चा रस्ता म्हणजे आपली पहिल्या पावसातली शेतवाट. आईंना गमबूट घे, साडी असेल तर राहूच दे.

आबा

---

प्रेषक: बंड्या (फ्रेमिंगहॅम)

आबा, तुमचं सगळं बरोबर पण लहान मुलं घेऊन रात्री नऊला कुणाच्या शेडमधे उभं राहायचं? मी म्हणेन वीकेंडलाच जा, आपल्या मॅसॅच्युसेट्सचा पण असतो, व्हरमाँटचा मार्चच्या शेवटाकडे असतो, तो पाडव्यात येत नाही. बरीच शुगरहाउस उघडी, चव फुकट, कुणाला फोन करायला नको, आणि शुगर ऑन स्नो मिळतं, म्हणजे सिरप अजून थोडं आटवून बर्फावर ओततात, त्याची चिकट ताणली जाणारी टॉफी होते, काट्याला गुंडाळून खायची. त्याच्याबरोबर डोनट आणि आंबट काकडीचं लोणचं देतात!! पहिल्यांदा वाटलं कुणीतरी चुकून प्लेटमधे ठेवलं, पण गोड खाऊन तोंडाला मिठी बसली की एक तुकडा काकडी, परत गोड. माझ्या मुलाने काकड्याच जास्त खाल्ल्या.

फक्त जिथे रेस्टॉरंट आहे तिथे सकाळी दहानंतर जाऊ नका, रांगेतच दुपार होईल.

बंड्या

---

प्रेषक: वैशू (ब्रॅटलबरो)

मी शेजाऱ्यांच्या शुगरहाउसमधे सीझनला हाताखाली काम करते, लाकडं देणं, बाटल्या भरणं वगैरे, म्हणून दोन शब्द.

नीलू, खाण्याचं आधी. नाश्त्याच्या ठिकाणी बेक्ड बीन्स दिसले की शाकाहारी समजून घेऊ नकोस, न्यू इंग्लंडच्या बीन्समधे बहुतेक वेळा सॉल्ट पोर्क असतं, आणि पॅनकेक त्याच तव्यावर सॉसेजच्या शेजारी भाजलेले असतात. विचारलं तर नीट सांगतात. सिरपचं पण विचारून घ्यावं. उकळताना फेस वर येतो तो बसवायला स्निग्ध काहीतरी थेंबभर टाकावं लागतं, पूर्वीच्या काळी पॅनवर खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीला टांगून ठेवायचे, फेस चढला की त्याला लागायचा आणि खाली बसायचा. आता तयार डिफोमर नाहीतर वनस्पती तेल वापरतात, कुणी लोण्याचा कण टाकतं. आई-बाबा कडक असतील तर आधी विचारा, राग येत नाही कुणाला.

आता जरा कटू बोलते. गेल्या काही वर्षांत आपल्या लोकांचे मोठे ग्रुप येतात, दहा गाड्या, न सांगता. बंड्या, तुझ्या वीकेंडला ते ठीक आहे, ते लोक त्या तयारीत असतात. एरवी ही त्यांची कामाची जागा आहे. भट्टीत दर काही मिनिटांनी लाकूड घालावं लागतं, त्या दाराच्या समोर उभं राहून सेल्फी काढणाऱ्या माणसाला "जरा सरका" म्हणण्यात वेळ गेला तर इकडे पॅन जळू शकतो. मुलांचा हात धरून ठेवा, पॅन उघडे असतात. जंगलात झाडांमधून ज्या निळ्या नळ्या ताणलेल्या असतात त्यांना लटकू देऊ नका, त्यात व्हॅक्यूम असतो, एक जोड सुटला की मालकाला बर्फातून पायी शोधत फिरावं लागतं. आणि "कॉस्टकोमधे स्वस्त मिळतं" हे तोंडावर बोलू नये, मराठीत सुद्धा, चेहऱ्यावरून कळतं. फुकट दोन कप चाखलंत तर एक क्वार्ट (साधारण लिटरभर) विकत घ्या, एवढंच.

वैशू

---

प्रेषक: पिंट्या (माँट्रियल)

सगळे अमेरिकेचंच बोलतायत म्हणून. जगातलं साधारण ७० टक्के मेपल सिरप आमच्या क्यूबेकमधे होतं. इथल्या शुगर शॅकमधे, म्हणजे तुमच्या शुगरहाउसमधे, जेवण हाच मुख्य कार्यक्रम असतो, लांब बाकांवर बसायचं, वाटाण्याचं सूप, ऑम्लेट, हॅम, तळलेली डुकराची कातडी, आणि सगळ्यावर सिरप. शाकाहारी माणसाने आधी फोन करून बुकिंग केलं तर काही ठिकाणी वेगळं ताट देतात. इथे सिरपचा सरकारमान्य राखीव साठा असतो, त्यातून २०१२ साली सुमारे ३,००० टन चोरीला गेल्याचं उघड झालं, पिंपात पाणी भरून ठेवलं होतं पठ्ठ्यांनी. बाबांना सांग, ऐकून खूश होतील.

---

प्रेषक: नीलू (वेस्टबरो)

जाऊन आलो. आबांचं ऐकलं, फोन केला, तिथल्या बाई म्हणाल्या आज संध्याकाळी पाचनंतर या. आई गाडीतून उतरायलाच तयार नव्हती, आत गेल्यावर मात्र भट्टीच्या उबेला जी खुर्ची धरली ती सोडेना.

दार उघडलं तर वाफेत समोरचं काही दिसेना, सगळ्यांचे चष्मे पांढरे. बाबा पहिल्यांदा काही बोललेच नाहीत, पॅनभोवती एक चक्कर मारली, मग मला म्हणाले, काहील एकच असती आपल्याकडं, ह्यांनी तर कप्पे पाडल्यात. खरंच तसं आहे, मागच्या पॅनमधे पातळ सॅप येतो, तो आटत आटत कप्प्याकप्प्यातून पुढे सरकतो आणि पुढच्या कोपऱ्यात सिरप होतं, म्हणजे घाणा उतरवला, परत नवा चढवला असं नाही, एका बाजूने चालूच. मालक सपाट पळी बुडवून वर धरत होता. आधी कडेवरून थेंब थेंब पडत होते, थोड्या वेळाने थेंब एकमेकांना चिकटून कडेला पडद्यासारखी धार लोंबायला लागली, की लगेच त्याने थर्मामीटर बघितला, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर सात अंश फॅरनहाइट, हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) टाकून लाल रेघ जुळवली आणि कॉक उघडला. बाबांनी माझ्यामागे लकडा लावला, विचार त्याला, हाताला बघतोस का नाही. आमचा गुळव्या बोटावर घेऊन सांगायचा म्हणे.

मग हिशेब सुरू. सॅपमधे साखर दोन टक्के, इथला ठोकताळा असा की ८६ ला त्या टक्क्यांनी भागायचं, म्हणजे ४३ गॅलन सॅप आटवून एक गॅलन सिरप. बाबा म्हणाले आमच्या उसाच्या रसात पंधरा-सोळा टक्के असती, वर जाळायला चिपाड घरचंच, हे ह्यांना परवडतंय कसं? मी विचारलं तर मालक हसला आणि मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे रिव्हर्स ऑस्मॉसिसचं मशीन, आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आरओचंच तत्त्व, फक्त इथे पाणी टाकून द्यायचं आणि राहिलेलं ठेवायचं. आठ टक्क्यांवर नेलं की पाऊण हिस्सा पाणी लाकूड पेटायच्या आधीच गेलं. बाबा त्या मशीनसमोर जेवढा वेळ उभे होते तेवढे नायगाराला पण नव्हते.

फेसाचं विचारलं, तेल होतं, आईने मग चाखलं. बाबांनी भेंडीच्या चिकाने रस साफ करतात ते सांगितलं, मालकाला ते खोटं वाटलं असावं पण बाईंनी कागदावर लिहून घेतलं.

विकत कुठलं घ्यायचं यावर आमच्यात वाद झाला. ग्रेडची नावं आता गोल्डन, अंबर, डार्क, व्हेरी डार्क अशी आहेत, पूर्वी जे ग्रेड बी म्हणून हलक्या प्रतीचं समजायचे ते २०१५ पासून ग्रेड ए मधेच धरतात. सीझनच्या सुरुवातीचं फिकं, नंतर गडद होत जातं. मुलांना गोल्डन आवडलं, मला त्यात नुसती गोडी वाटली. बाबांनी व्हेरी डार्क घेतलं, ते काकवीच्या जवळ जातं, काल थालीपीठ आणि लोण्याबरोबर खाल्लं आणि दुसरी बाटली का नाही घेतली म्हणून बोलणी बसली. उघडल्यावर फ्रीजमधे ठेवायचं बरं का, नाहीतर बुरशी येते.

नीलू

---

प्रेषक: आबा (नॅशुआ)

छान झालं. अजून कुणाला जायचं असेल तर घाई करा. या आठवड्यात रात्री पण पारा चाळिशीच्या खाली येत नाहीये, आमच्या इथल्या मेपलच्या कळ्या फुगायला लागल्यात. कळ्या फुगल्या की सॅपला कडवट उग्र वास येतो, त्याला इथे बडी म्हणतात, त्याचं सिरप मग पॅनकेकवर घालण्यासारखं राहत नाही, कारखान्याकडे जातं. मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिणेला संपल्यात जमा आहे. मेन राज्यात मात्र मेपल संडे मार्चच्या चौथ्या रविवारी असतो आणि तिकडे अजून बर्फ आहे. मी गाडी काढतोय, सकाळी सातला नॅशुआहून. तीन जागा आहेत, मागच्या सीटवर कुत्र्याचे केस असतील. लिस्टवर रिप्लाय ऑल करू नका, मला एकट्याला कळवा.

आबा