आत्याचं वचन आणि सत्तर वर्षं

मोठी आत्या: जय ख्रिस्त सगळ्यांना 🙏 बंटी, मेडिकलचा दुसरा राऊंडही गेला म्हणून खट्टू होऊ नकोस. बायबलमधलं यिर्मया 29:11 वाच. देवाचे संकल्प तुझ्या हिताचेच आहेत.

काकू (केडगाव): आमेन 🙏

दादा: आमेन 🌹

बंटी: थँक्यू आत्या. पण दहावं वचन वाचलंय का कुणी?

दादा: त्यात काय?

बंटी: बाबेलची 70 वर्षं भरल्यावर, असं आहे. तेव्हा मी 88 चा असेन 😅

मोठी आत्या: चेष्टा करतोस होय रे? धीर यावा म्हणून टाकलं होतं.

बंटी: नाही गं आत्या, चेष्टा नाही.

नाना: पोरगं बरोबर बोलतंय. हे वचन पत्रातलं आहे. बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं यरुशलेमहून पाठवलेलं. आधीचा 28 वा अध्याय उघडा. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतोय, दोन वर्षांत सगळे परत येतील, मंदिराची भांडीसुद्धा. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया म्हणतो 70. तेव्हा ग्रुप असता तर हनन्याचाच मेसेज सगळीकडे फिरला असता.

नाना: 70 म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक तिथंच जाणार. तरी सांगतो, घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, त्या शहरासाठी प्रार्थना करा.

काकू (केडगाव): शत्रूच्या शहरासाठी?

नाना: सातवं वचन बघ.

दादा: नाना, असं खोदत बसलं तर विश्वास डळमळायचा. पाळकसाहेब सांगतात ते ऐकावं ना.

नाना: प्रेषितांची कृत्ये 17:11. बिरुया शहरात प्रत्यक्ष प्रेषित पौल सांगत होता, तरी लोक रोज शास्त्र उघडून ताडून बघायचे. हे पुस्तक लिहिणारा लूक त्यांना नावं ठेवत नाही, मोठ्या मनाचे म्हणतो. आणि बाराव्या वचनात त्यातल्याच पुष्कळांनी विश्वास ठेवला.

काकू (केडगाव): आमच्या इथं पंडिता रमाबाईंनी हिब्रू, ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल उतरवलं, ते बायाबापड्यांना स्वतः वाचता यावं म्हणूनच. 1922 ला त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं केलं होतं. आणि आम्ही नुसते वचनांचे फोटो पुढं ढकलतोय. मी पण त्यातलीच 🙈

दादा: बरं, मग रोज किती वाचायचं? वर्षभरात पूर्ण करायचं तर दिवसाला तीन-चार अध्याय होतात.

नाना: अध्याय मोजू नकोस. एकच वाच, पण मागचा-पुढचा धरून.

बंटी: खरं सांगू? मला अकराव्यापेक्षा पाचवंच जास्त लागलं. तोवर घर बांधा, मळा लावा. बीएस्सीचा फॉर्म उद्या भरतो.

काकू (केडगाव): ❤️

दादा: आत्या गप्प का? रागावली की काय?

मोठी आत्या: रागावतेय कशाला. चष्मा शोधत होते. अठ्ठावीस झाला, एकोणतीसच्या चोविसाव्या वचनाशी आले. नाना, हा शमाया कोण आता?