चिचिस्बेओ म्हणजे चोरून ठेवलेला यार नव्हे

'चिचिस्बेओ' या इटालियन शब्दाचा अर्थ 'नवऱ्यापासून लपवलेला प्रियकर' असा काही जण सांगतात. शब्द कुजबुजीच्या आवाजावरून आला असं एक मत आहे, त्यामुळे तसं वाटणं साहजिक. पण १८व्या शतकातल्या इटलीत, जिनोआ-व्हेनिसमध्ये, हा गडी नवऱ्याच्या संमतीने, उघडउघड उमराव घरातल्या विवाहित बाईसाहेबांबरोबर नाटकाला, मेजवानीला, अगदी चर्चलाही जायचा. स्वतःच्याच बायकोला घेऊन मिरवणं उमरावांना उलट गावंढळ वाटे! प्रत्येक जोडीत 'तसं' काही असेच असंही नाही.

इंग्रज कवी बायरनने हे काम स्वतः केलंय. १८१९ मध्ये व्हेनिसला तेरेझा गुइच्चोलीशी त्याचं सूत जुळलं. तिचं लग्न आदल्याच वर्षी साठीच्या घरातल्या काउंटशी झालेलं. पुढे राव्हेन्नाला बायरन चक्क त्याच काउंटच्या वाड्यात भाडं भरून राहिला. एका पत्रात तो कुरकुरतो, की बाईंच्या शालीची घडी घालायची तालीम जोरात चालू आहे, पण दरवेळी उलटी बाजूच वर येते. शेवटी काउंटचं बिनसलंच. १८२० मध्ये पोपने तेरेझाला विभक्त राहायची परवानगी दिली, पण वडिलांच्या घरी राहण्याच्या अटीवर.